कांड्यांचा वर्ग

५ ऑक्टोबर १९३१, सोमवार

राजम्मा आजही आली नाही! चौथीच्या पट्टीवर इतक्या जागा मोकळ्या होत्या की उरलेल्या मुली आपोआप भिंतीकडे सरकून एकमेकींना चिकटून बसल्या — थंडीत बसावं तशा. मी हजेरीला नाव वाचायची आणि उत्तर यायचं, 'बाई, ती कांड्या भरायला बसलीया.' पुढचं नाव — 'तीबी, बाई.' शेवटी नावं वाचणं सोडून दिलं.

पाच्छा पेठेत घरोघर साड्या पडून आहेत. मंदी, मंदी — वर्तमानपत्रात वाचलं की तो शब्द अमेरिकेतला वाटतो. इथे तो असा आला : साडीला गिऱ्हाईक नाही, म्हणून सूतवाला व्यापारी विणकराला मजुरी कमी देतो. म्हणून विणकर जास्त विणायला बघतो. म्हणून मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या जास्त लागतात. आणि रहाटावर बसून त्या भरायच्या कुणी? मुलींनी! मुलग्यांचा वर्ग भरलेला आहे. पलीकडच्या गल्लीत जाऊन मुद्दाम पाहून आले. आमच्याच शिक्षण मंडळाची शाळा, आणि तिथे बसायला जागा नाही.

७ ऑक्टोबर

वैरागहून आत्या आली आहे. जेवताना म्हणाली, 'बी. ए. झालीस ना गं? मग अ-आ-ई शिकवायला बी. ए. कशाला लागतं? तेवढं तर मीसुद्धा शिकवीन!' आत्याला सही येत नाही. नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मी म्हटलं, हायस्कुलात शिकवायला पुष्कळ जणी मिळतील. पाच्छा पेठेत कोण जाणार?

'जिला लग्न करायचं नाही ती,' आत्या म्हणाली. सगळे हसले. मीसुद्धा. आई मात्र हसली नाही. मला पुण्याला पाठवलं तेव्हा घराण्यातली सगळी बोलणी तिने एकटीने ऐकली आहेत. तिला वाटतं, या पोरीच्या हातून काहीतरी मोठं होणार. मला ते फार जड वाटतं कधीकधी.

१० ऑक्टोबर, शनिवार

अर्ध्या दिवसाची शाळा. सुटल्यावर थेट राजम्माच्या घरी.

एकच खोली. निम्मी खोली मागाने व्यापलेली. खड्ड्यात पाय सोडून तिचा बाप विणतो आहे, आणि दारातल्या उजेडात राजम्मा रहाटावर. मला बघून तिने मान खाली घातली. तिची आई नरसम्मा सूत उकलत होती.

'या बाई. शाळंत कुनी मारलं म्हनून पोर येईना, असं वाटलं का काय तुमाला?'

'मग का पाठवत नाही?'

'पाठवतो की! तुमी हितं बसून कांड्या भरा, ती येती.'

खड्ड्यातून बाप हसला. हात थांबला नाही त्याचा.

मी सांगितलं — हुशार आहे हो, चौथी होईल, पुढे सातवीची फायनल देईल, मास्तरीण होईल. नरसम्मा म्हणाली, 'आन् मास्तरीण हून काय करंल? तुमच्यावानी दारोदार पोरी हुडकत हिंडंल?'

मी उठले. दाराशी येऊन वळून पाहिलं तर राजम्माचे ओठ हलत होते. कान दिला — एकोणिसाचा पाढा! रहाटाच्या एका फेऱ्याला एक ओळ. शाळेत यायचं बंद झालं तरी पोरगी स्वतःच स्वतःला शिकवते आहे.

घरी येईपर्यंत मी वाटेत रडले. लोक बघत होते. बघू देत.

११ ऑक्टोबर

सुचलं! सुचलं! आंघोळ करता करता सुचलं आणि ओल्या केसांनीच लिहायला बसले आहे. राजम्माचे हात अडकलेले आहेत. कान मोकळे आहेत, जीभ मोकळी आहे. मग पाढे, कविता, इतिहास, भूगोल याला हात कुठे लागतात? रहाट शाळेत आणायचे! मुली कांड्या भरतील आणि शिकतील. लिहिण्या-वाचण्यापुरतं पाळीपाळीने उठायचं. जी वाचायला उठेल तिचा रहाट तेवढा वेळ शेजारणीने चालवायचा.

आम्ही खादीवाल्या नाही का टकळी फिरवत फिरवत व्याख्यानं ऐकत? मग ह्या मुलींनी का नाही!

१३ ऑक्टोबर

यज्ञेश्वरपंत वकिलांकडे मी जाऊन आले. मंडळाचे चिटणीस ते, त्यांच्या परवानगीशिवाय शाळेत खडूसुद्धा येत नाही. सगळं ऐकून घेतलं. स्वभावाने वाईट नाहीत. मग म्हणाले, 'बाई, खरं सांगू? सरकारची काटकसर चालू आहे. ग्रँट कापली जाणार, किती ते ठाऊक नाही. डिसेंबरात इन्स्पेक्ट्रेस येतील. तेव्हा जर वर्ग असा ओस दिसला तर मला तोंड उघडायला जागा राहणार नाही.'

'तेव्हा वर्ग भरलेला असेल,' मी म्हटलं.

'करून बघा. मंडळाला खर्च नको म्हणजे झालं.'

जिन्यावरून मी अक्षरशः उड्या मारत उतरले. बी. ए. बाई!

२६ ऑक्टोबर, सोमवार

दसऱ्याची सुट्टी संपली आणि आज रहाट आले! डोक्यावर रहाट, काखेत पाटी, परकराच्या ओच्यात सुताच्या लडी — अशी ओळ गल्लीतून येताना पाहिली आणि मी दारातच टाळ्या वाजवल्या. नरसम्मा स्वतः राजम्माला सोडायला आली. 'बघू तुमची अक्कल,' म्हणाली, पण चेहरा हसरा होता.

आवाज म्हणजे किती! कल्लप्पा शिपाई दारात उभा राहून म्हणतो, 'बाई, ही शाळा हाय का गिरणी? भोंगा कदी वाजवू सांगा.' शेजारच्या खोलीतून सोनाबाई आल्या. त्या बिगारी आणि पहिली घेतात. 'अहो, माझ्या पोरींना ग ऐकू येईना की घ ऐकू येईना! सगळ्या मिळून घर्र घर्र म्हणतायत!' मीच हसत सुटले. पण दुपारपर्यंत पाढ्यांना रहाटाची लय सापडली, आणि मग जे काही चाललं! राजम्माच्या पाळीला तिने उभं राहून धडा वाचला. मधला महिना बुडाला आहे असं वाटलंसुद्धा नाही.

३ नोव्हेंबर

वर्ग भरला. नव्या मुलीही आल्या, ज्यांनी कधी पाटी पाहिली नव्हती अशा. पट्ट्या कमी पडल्या. कल्लप्पाने सुताचं बारदान अंथरलं.

ईरम्मा नावाची एक आहे, कानडी घरातली. तिला मराठी येत नाही, मला कानडी. आज तिने पाटीवर पहिल्यांदा 'ई' काढली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

९ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

पाच्छा पेठेत यंदा पणत्या फार कमी. आमच्या घरीही गोडधोड बेताचंच. नानांच्या कोर्टात सगळ्या कारकुनांचे पगार कमी होणार म्हणतात. फटाके नकोत असं धाकटा कमलाकर आपण होऊनच म्हणाला. मोठा झाला. मॅट्रिकचं वर्ष.

१८ नोव्हेंबर, बुधवार

आज बसप्पा शेट शाळेत आले. सूतवाले — मंडळाचे सभासदही आहेत. चपला बाहेर काढून आत आले, हात जोडले. 'बाई, नाव ऐकलं तुमचं. पेठेत सगळीकडं तुमचंच चाललंय की.' मुली घरून सूत घेऊन येतात, वाटेत लडी गुंततात, पावसाबिवसाने भिजतात. त्यापेक्षा सूत मी इथेच पाठवतो, कांड्या इथूनच उचलतो, मुलींच्या हातात इथेच मजुरी देतो, असं त्यांचं म्हणणं.

मला बरंच वाटलं. मुलींच्या डोक्यावरचा भार कमी. शिवाय मजुरी मुलीच्या स्वतःच्या हातात! कल्लप्पाने व्हरांड्यात आढ्याला तराजू टांगला.

सोनाबाई तराजूकडे बघून म्हणाल्या, 'शाळेत मापं शिकवायला बरं झालं.' थट्टा होती की काय, कळलं नाही.

२७ नोव्हेंबर

एक गोष्ट लिहून ठेवते. आज वाचायच्या पाळीला मुली उठेनात. 'तिचीच पाळी घ्या बाई.' 'उद्या वाचते बाई.' उठलं की तेवढ्या कांड्या कमी होतात, आणि संध्याकाळी तराजूत ते कळतं. शेजारणीही आता दुसरीचा रहाट चालवायला तयार नाहीत — आपला कोण चालवणार?

राजम्मा उठली. ती एकटीच.

मी पुढचा पाढा सुरू केला. इन्स्पेक्शन होऊन जाऊ दे, मग नीट बसवते. तोवर जबरदस्ती केली तर यायच्याच बंद होतील.

६ डिसेंबर, रविवार

सभेत माझं कौतुक झालं! जिल्ह्याचे एक पुढारी आले होते. त्यांनी भाषणात आमच्या वर्गाचं उदाहरण दिलं — 'हात आणि मेंदू एकत्र चालवणारं खरं राष्ट्रीय शिक्षण पाहायचं असेल तर पाच्छा पेठेत जा!' टाळ्या. आई बायकांत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, समोरच बघत राहिली, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. घरी आल्यावर तिने माझी दृष्ट काढली. मी हसले. तिने मीठ-मोहऱ्या तशाच चुलीत टाकल्या.

१५ डिसेंबर

इन्स्पेक्ट्रेसबाई येऊन गेल्या. वर्ग खचाखच! मी जिंकले!

बाई नीटनेटक्या, इंग्रजीच बोलणाऱ्या. राजम्माने वाचून दाखवलं, सुरेख वाचलं. पण त्या जास्त वेळ रहाटांपाशी रेंगाळल्या. कांडी हातात घेऊन पाहिली. 'शिस्त उत्तम आहे,' म्हणाल्या. विचारलं, 'हे काम काढून घेतलं तर?' मी सांगितलं, 'मग ह्या मुलींना शाळेत येताच येणार नाही.' स्वच्छ इंग्रजीत, न घाबरता सांगितलं. यज्ञेश्वरपंत शेजारी उभे होते, मान डोलावत होते.

संध्याकाळी मुलींना चिरमुरे-फुटाणे वाटले.

६ जानेवारी १९३२

गावात धरपकड. पुढारी आत गेले. त्या दिवशी आमचं कौतुक करणारेही गेले. कोपऱ्याकोपऱ्यावर पोलीस.

आणि आमच्या घरी आज वेगळीच बातमी. नानांना मुदतीआधीच घरी बसवणार. एकटे नाहीत, त्यांच्या कचेरीतले आणखीही आहेत. नानांनी टोपी खुंटीला लावली, पाय धुतले आणि सांगितलं — जसं काही शेजाऱ्यांचं सांगतायत. मग आईला म्हणाले, 'आपल्या अनूची नोकरी आहे, काळजी नाही.'

मला पहिल्यांदाच भीती वाटली.

१४ जानेवारी

संक्रांतीच्या गड्ड्याची सुट्टी. यात्रेला गेले नाही.

२३ जानेवारी, शनिवार

शाळा बंद होणार.

लिहिलं तरी खरं वाटत नाही. मंडळाच्या बैठकीला मला बोलावलं, मला वाटलं शाबासकीला! यज्ञेश्वरपंत म्हणाले, ग्रँट कमी झाली, मंडळाला दोन शाळा झेपत नाहीत. एकच राहील, मुलग्यांची. मी उभी राहिले. म्हटलं, मुलींचा वर्ग मुलग्यांच्याइतकाच भरलेला आहे, इन्स्पेक्ट्रेसबाईंनी स्वतः पाहिला आहे!

'होय ना,' पंत म्हणाले, अगदी मायेने. 'त्यांनी पाहिलं, आम्हीही पाहिलं. बाई, तुम्हीच तर वाट दाखवलीत. हे काम काढून घेतलं तर ह्या मुली येणार नाहीत, असं तुम्हीच म्हणालात. म्हणजे त्या कशासाठी येतात हे उघड आहे. मग काम ठेवू. बसप्पा शेट जागा भाड्याने घ्यायला तयार आहेत. मुलींना मजुरी, आयांना आधार, मंडळाला भाडं. त्या भाड्यावर मुलग्यांची शाळा चालेल. कुणाचं वाईट होतंय, सांगा?'

सगळे माझ्याकडे बघत होते. तर्कशास्त्र घेऊन बी. ए. झाले, आणि माझंच वाक्य माझ्यावर उलटलं! बाहेर पडले तेव्हा पंत जिन्यापर्यंत पोचवायला आले. 'पायरी जपून,' म्हणाले.

२४ जानेवारी

नाही. हे असं होऊ देणार नाही. पेठेतल्या लोकांनी सांगितलं, आम्हाला शाळा पाहिजे, तर मंडळ काय करील? सभा घेणार. जमावाची सभा म्हणून पोलीस अडवतील, म्हणून पंतांनाच अध्यक्ष केलं. ते हो म्हणाले. चकितच झाले मी.

३० जानेवारी

आठवडाभर दारोदार. घसा बसला. सगळे म्हणतात, येतो की बाई, तुमच्यासाठी न्हाय यायचं तर कुनासाठी? नरसम्मा म्हणाली, 'मी बोलंन सभेत. मला भ्या न्हाय कुनाचं.' मी तिचे दोन्ही हात हातात धरले. उद्या!

३१ जानेवारी, रविवार

आजचं आजच लिहिते.

देवळापुढचं पटांगण भरलं होतं. इतके लोक! बायका एका बाजूला, लेकरं कडेवर. मी बोलले. चांगलं बोलले असं वाटतं — मुली वाचायला लागल्या आहेत, ईरम्माला स्वतःचं नाव लिहिता येतं, हे सगळं हातचं जाऊ देऊ नका, शाळा मागा. टाळ्या वाजल्या. मग नरसम्मा उठली. पदर घट्ट आवळून घेतला आणि इतक्या मोठ्याने बोलली की मागचेही गप्प झाले.

'बाईंनी काय केलं हे मी सांगतो. आमच्या घरात कांड्या भरायला उजेड न्हाय, जागा न्हाय. बाईंनी जागा दिली. पोरगी सांजेला पैसा आनती, आमच्या हातावर ठेवती. ह्या दिसांत कोन देतंय असं? माझा मालक म्हनतो, बाई न्हाय, देवी हाय ती. शाळा बंद होनार म्हनत्यात. होऊ द्या! शाळा आमाला पुन्हा कवाबी मिळंल. पर ती जागा बंद करू नका. बाई, तुमी भांडा आमच्यासाठी, ती जागा राहू द्या!'

केवढ्या टाळ्या! माणसं उभी राहिली. मी नरसम्माकडे पाहत होते — ती हसत होती, डोळ्यांत पाणी होतं तिच्या. तिला वाटत होतं की ती माझ्या बाजूने बोलते आहे. खरोखर वाटत होतं! मी आठवडाभर दारोदार जाऊन 'बंद होऊ देऊ नका' एवढंच सांगत हिंडले. काय बंद होऊ देऊ नका, हे त्यांनी त्यांच्या पोटाने ऐकलं. आणि त्यांचं चुकलं कुठे?

पंतांनी तिथेच ठराव मांडला : जागा बसप्पा शेटांना द्यावी आणि मुलींचं काम चालू राहावं. एकमताने. दुसरा ठराव माझ्या आभाराचा. मग राजम्माच्या बापाने पुढे येऊन मला साडी-नारळ द्यायला लावला. त्याने स्वतः विणलेली साडी. विकली न गेलेली असेल, पण काठ काय सुंदर! राजम्मानेच ती माझ्या हातात दिली. म्हणाली, 'बाई, ह्याच्या कांड्या मी भरल्यात, शाळंत बसून.'

मी साडी घेतली. हसलेसुद्धा, बहुतेक.

वर्गात कुणालाही न विचारता मी ठरवलं होतं, हात गुंतलेले राहू देत. गुंतलेले हात किती काम करतात हे मला दिसलं नाही. बाकी सगळ्यांना दिसलं.

१ फेब्रुवारी, सोमवार

शेवटचा दिवस. सोनाबाई बिगारीच्या पोरींना जवळ घेऊन रडल्या. त्या पंढरपूरला भावाकडे जाणार. मी मुलींना म्हटलं, आज रहाट बाजूला ठेवा, आज फक्त गोष्ट. ऐकली त्यांनी. पण निम्म्या मुली मधूनमधून व्हरांड्यातल्या तराजूकडे पाहत होत्या.

राजम्माने विचारलं, 'बाई, मग चौथीची परीक्षा कदी?'

शाळा सुटल्यावर बसप्पा शेट आले. चपला बाहेर काढून. 'बाई, रागावू नका. देखरेखीला मला एक माणूस पाहिजे. पोरी तुमचं ऐकत्यात. दुसरं कुनी आनलं तर बडवून काम घ्यावं लागंल. तुमी नुसतं बघितलं तरी गप बसत्यात. पगार शाळंपेक्षा कमी न्हाय देनार.'

मी काय काय बोलले! लाज नाही वाटत म्हणाले, मुलींच्या हाडांवर पैसा करता म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. 'विचार करा,' म्हणाले. पुन्हा हात जोडून गेले.

९ फेब्रुवारी

तीन शाळांत विचारून झालं. सगळीकडे एकच — नवी जागा नाही, आहेत त्यांनाच कमी करतायत. एका हेडमास्तरांनी तर विचारलं, 'पाच्छा पेठेतला तो उद्योगवर्ग तुमचाच ना? फार नाव आहे.'

नाना दिवसभर ओट्यावर बसतात. सकाळी अंगरखा घालून, टोपी घालून बसतात. कुणी विचारलं तर म्हणतात, रजा आहे.

१० फेब्रुवारी

आज आईने ती साडी उलगडून पाहिली. 'नेस की एकदा,' म्हणाली. मी नाही म्हटलं. पुन्हा घडी घातली तिने.

१७ फेब्रुवारी, बुधवार

कमलाकरने जेवताना एकदम सांगितलं, 'मी मॅट्रिकला बसत नाही. कापडपेठेत एका पेढीवर जागा आहे, बोलून आलोय.' मी ओरडले, 'शाळा सोडायची नाही! माझ्या देखत तरी नाही!' तो म्हणाला, 'मग ताई, घर कोण चालवणार?'

तो काही लागट म्हणून बोलला नाही. खरंच विचारत होता.

आई तेवढ्यात वाढायला आली. आत गेली. परत आली तेव्हा हातात काही नव्हतं. नुसतीच उभी राहिली.

१८ फेब्रुवारी

पाच्छा पेठेवरून गेले. खोलीची दारं उघडी होती. रहाटांचा आवाज रस्त्यावर येत होता. पाढे नव्हते. एका पुरुषाचा आवाज मधूनच — 'ए! तोंड बंद!' मग काठी जमिनीवर आपटल्याचा. आत डोकावले नाही. डोकावले नाही, हेही लिहून ठेवते.

२० फेब्रुवारी

कमलाकरला सांगितलं, अभ्यासाला बस. तो पुस्तक घेऊन माळ्यावर गेला.

२२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून बसप्पा शेटांकडे जाऊ लागले. भिंतीवरचा फळा काढला आहे, त्याच्या जागी पांढरा चौकोन उरलाय. काठी मी बाहेर टाकायला लावली.

सुताच्या पुड्याला वर्तमानपत्राचा एक तुकडा गुंडाळून आला होता. राजम्माने तो मांडीवर पसरला आणि ईरम्माला मोठ्याने वाचून दाखवू लागली — जोडाक्षरांवरही न अडखळता. दोघींचे रहाट थांबलेले. दाराशी शेट येऊन उभे राहिले.

मी म्हटलं, 'राजम्मा, वाचन बंद. हात चालू दे.'

तिने लगेच कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. 'चुकलं, बाई,' म्हणाली.